पिकलं सिनसिनाटीत, विकलं फिलाडेल्फियात: ‘द ट्विस्ट’चं प्रकरण

गाणं एकच. शब्द तेच, चाल तीच, थांबायच्या जागासुद्धा त्याच. 1959 मध्ये ते पहिल्यांदा बाजारात आलं, अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत, सोळाव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि निमूट उतरलं. पुढच्या वर्षी अठरा वर्षांच्या एका पोराने ते जवळपास जसंच्या तसं गायलं, आणि 19 सप्टेंबर 1960 ला ते ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या हॉट 100 या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. यथावकाश यादीतून बाहेर पडलं. मग 13 जानेवारी 1962 ला तीच तबकडी परत पहिल्या जागेवर! एकदा पहिलं येऊन मग यादीबाहेर गेलेल्या गाण्याने परत येऊन पुन्हा पहिला क्रमांक पटकावणं हे त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं कुणाला जमलं नाही. 2020 च्या डिसेंबरात मराया कॅरीच्या नाताळच्या गाण्याने ते केलं.

गाण्याचं नाव ‘द ट्विस्ट’. पहिला गायक हँक बॅलर्ड, दुसरा चबी चेकर.

पन्नाशीच्या दशकातल्या अशा जोड्यांचं एक ठरीव स्पष्टीकरण आहे: कृष्णवर्णीय गायकाने घडवलेलं गाणं गोऱ्या गायकाने उचललं, धुऊन-पुसून विकलं आणि पैसे केले. हे त्या काळात सर्रास घडत होतं. पण इथे ते लागू पडत नाही, कारण बॅलर्ड आणि चेकर दोघेही कृष्णवर्णीय. मग फरक कशाने पडला? मला वाटतं, या प्रकरणात गाण्यापेक्षा गाण्याच्या पत्त्याला जास्त किंमत आहे. पण त्याआधी बॅलर्डचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

अ‍ॅनीचा डाग

हँक बॅलर्ड डेट्रॉइटचा. त्याचा गट ‘द मिडनायटर्स’ सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्ससाठी गायचा. किंगचा मालक सिड नेथन. 1954 मध्ये मिडनायटर्सचं ‘वर्क विथ मी, अ‍ॅनी’ गाजलं, आणि गाजलं ते चावटपणासाठी. अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. कृष्णवर्णीय श्रोत्यांनी मात्र ते उचलून धरलं. मग गटानेच त्याचा पुढचा भाग काढला: अ‍ॅनीला मूल झालं! यावरून बॅलर्डची जी ओळख झाली ती कायमची. दुपारच्या वेळी, आई घरात असताना, टीव्हीवर दाखवावा असा हा माणूस नव्हता.

या ‘अ‍ॅनी’च्या निमित्ताने कव्हर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा गाऊन विकणं, काय असतं तेही बॅलर्डने जवळून पाहिलं होतं. एटा जेम्स या गायिकेने त्याच चालीवर उत्तराचं गाणं काढलं. ते गाणं जॉर्जिया गिब्स या गोऱ्या गायिकेने सोज्वळ करून ‘डान्स विथ मी हेन्री’ म्हणून गायलं आणि 1955 मध्ये ज्यूकबॉक्सच्या, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवायच्या यंत्रांच्या, यादीत पहिलं आणलं. ‘वर्क’चं एटा जेम्सकडे ‘रोल’ झालं, ‘रोल’चं गिब्सकडे ‘डान्स’. गाणं जसजसं गोऱ्या वस्तीच्या जवळ सरकलं, तसतसं त्याचं क्रियापद सभ्य होत गेलं.

‘द ट्विस्ट’ची जन्मकथा मात्र सरळ नाही. चालीचा माग काढला तर तो मिडनायटर्सच्याच 1957 च्या एका गाण्याशी जातो, आणि तिथून मागे 1955 च्या ‘ड्रिफ्टर्स’ या गटाच्या एका गाण्याशी. म्हणजे चाल बॅलर्डकडेही चालत आलेली. शब्दांबद्दल दोन हकीकती सांगतात. पहिली अशी की आपल्याच गटातल्या पोरांना मंचावर कंबर घुसळताना पाहून बॅलर्डला गाणं सुचलं. दुसरी अशी की ते मुळात ‘सेन्सेशनल नाइटिंगेल्स’ या भक्तिगीतं गाणाऱ्या गटातल्या एकाचं. देवाची गाणी म्हणणाऱ्यांना असलं गाणं गाता येईना, म्हणून त्यांनी ते मिडनायटर्सच्या हवाली केलं. कागदावर लेखक एकच, हँक बॅलर्ड. पुढे सगळा हिशोब या कागदावरच झाला, म्हणून हे लक्षात असू द्या.

नोव्हेंबर 1958 मध्ये सिनसिनाटीत ध्वनिमुद्रण झालं. 1959 च्या सुरुवातीला तबकडी निघाली तेव्हा ‘द ट्विस्ट’ बी बाजूला, म्हणजे दुय्यम गाण्यासाठीच्या मागच्या बाजूला, होतं. ए बाजूला ‘टीअरड्रॉप्स ऑन युअर लेटर’ हे संथ, रडवेलं गाणं. ते लिहिलं होतं हेन्री ग्लोव्हरने, आणि ग्लोव्हर हा किंगचाच निर्माता. स्वतःचं गाणं ए बाजूला ठेवण्यात त्याचा स्वार्थ होता असं कुणी म्हणेल. पण ते रिदम अँड ब्लूज यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने त्याचा अंदाज बरोबरच ठरला. गंमत पुढे आहे. ग्लोव्हरला आपण परत भेटणार आहोत.

बाल्टिमोरची पोरं

बी बाजूची गाणी अशीच मरतात. हे मेलं नाही, याचं श्रेय कुठल्याही कंपनीला देता येत नाही. मिडनायटर्स कृष्णवर्णीयांच्या नाट्यगृहांतून गावोगाव कार्यक्रम करत. या गाण्याला ते मंचावर कंबर आणि गुडघे पिळत, आणि बघणारी पोरं तेच उचलत. बाल्टिमोरमध्ये या नाचाने मूळ धरलं. तिथे बडी डीन नावाच्या निवेदकाचा टीव्हीवर पोरांच्या नाचाचा कार्यक्रम होता. कार्यक्रम गोऱ्या पोरांचा. कृष्णवर्णीय पोरांसाठी वेगळे दिवस राखून ठेवलेले. तरी नाच भिंत ओलांडून गेला, आणि गोरी पोरंही ट्विस्ट करू लागली.

बाल्टिमोरहून फिलाडेल्फिया जवळच. तिथे फॉर्टी-सिक्स्थ आणि मार्केट या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून डिक क्लार्क ‘अमेरिकन बँडस्टँड’ चालवायचा. ऑगस्ट 1957 पासून हा कार्यक्रम देशभर दिसत होता. शाळा सुटायची, पोरं घरी यायची, टीव्ही लावायची आणि फिलाडेल्फियाची पोरं कशी नाचतात ते पाहून तसं नाचायची. क्लार्कने एखादी तबकडी वाजवली की दुसऱ्या दिवशी दुकानात तिची मागणी सुरू. आपल्याकडे रेडिओ सिलोनच्या बिनाकाला जो मान होता, त्याला चित्र जोडलं तर थोडीफार कल्पना येईल.

हा नाच क्लार्कच्या कानावर नेमका कसा आला याच्या एकाहून अधिक गोष्टी सांगितल्या जातात. पण पुढे काय झालं याबद्दल दुमत नाही. त्याने फिलाडेल्फियातल्याच कॅमिओ-पार्कवे कंपनीला सुचवलं की हे गाणं पुन्हा करा.

मूळ तबकडीच का वाजवली नाही? यामागे बॅलर्डच्या ‘अ‍ॅनी’ची बदनामी होती असं सांगतात, आणि ते पटतं. पण आणखी एक साधी गोष्ट आहे. किंग सिनसिनाटीत आणि पार्कवे क्लार्कच्याच गावात, हाकेच्या अंतरावर. गायक गावातला, वादक गावातले, त्याला शनिवारी क्लार्कच्याच न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमाला नेणं सोपं. शिवाय तेव्हाची हवा बघा. 1960 च्या वसंतात अमेरिकी संसदेची समिती ‘पेओला’ची, म्हणजे तबकडी वाजवण्यासाठी निवेदकांना पैसे चारण्याच्या प्रकाराची चौकशी करत होती. खुद्द क्लार्कला तिच्यापुढे साक्षीला बसावं लागलं होतं आणि संगीतधंद्यातल्या आपल्या भागीदाऱ्या सोडाव्या लागल्या होत्या. अशा वेळी गोंडस चेहऱ्याचं, निरुपद्रवी गाणं त्याला हवं असणार, असा माझा तर्क. तर्कच आहे, पुरावा नाही.

नकलाकार

आता दुसरा गायक. अर्नेस्ट इव्हान्स, जन्म 3 ऑक्टोबर 1941, दक्षिण कॅरोलायनातला. वाढला दक्षिण फिलाडेल्फियात. शाळा सांभाळून बाजारात कोंबड्यांच्या दुकानात काम करायचा. तिथे गिऱ्हाइकांपुढे गायकांच्या नकला करायचा. ‘चबी’ हे टोपणनाव बाजारातलंच. दुकानाच्या मालकाने ओळखीतून त्याला पुढे केलं. क्लार्कसाठी नाताळच्या शुभेच्छांची एक तबकडी करायची होती, तीत इव्हान्सने फॅट्स डोमिनो या गायकाची नक्कल केली. क्लार्कच्या पत्नीने ती ऐकून आडनाव सुचवलं: फॅट्सच्या जोडीला चबी होताच, डोमिनोवरून चेकर. म्हणजे लठ्ठ आणि सोंगट्यांचा खेळ दोन्हीकडे. 1959 मध्ये त्याची ‘द क्लास’ ही तबकडी निघाली. तीही नकलांचीच, आणि ती 38 व्या क्रमांकापर्यंत गेली.

लोक म्हणतात चेकरने बॅलर्डची नक्कल केली. अहो, त्याला घेतलंच त्यासाठी होतं! त्याचा धंदाच तो.

आणि नक्कल किती हुबेहूब? बॅलर्ड स्वतः सांगायचा की तो फ्लोरिडात पोहण्याच्या तलावात तरंगत होता, रेडिओवर ‘द ट्विस्ट’ लागलं, आणि त्याला वाटलं, अखेर गोऱ्यांच्या केंद्रांनी आपली तबकडी वाजवली. कंपनीने फसवलं वगैरे विचार पुढचे. पहिल्या क्षणी तो खूशच झाला होता.

दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्या तर फरक सापडतो, पण शोधावा लागतो. बॅलर्डच्या गळ्यात खरखर आहे, थोडा लाडिक चावटपणा आहे. घरचे मोठे आसपास नाहीत, चल नाचू, या ओळीत तो डोळा मारतो असं वाटतं. चेकर तीच ओळ मधल्या सुट्टीत मैदानावर हाक मारावी तशी म्हणतो. ड्रम जास्त ठळक आहेत, मागे ‘द ड्रीमलव्हर्स’ या गटाचे आवाज आहेत, सॅक्सोफोन मोकळा सुटलेला आहे. माझं मत विचाराल तर गायन म्हणून बॅलर्डचं सरस. नाचायला म्हणून चेकरचं. आणि गाणं नाचायचंच होतं.

6 ऑगस्ट 1960 ला चेकरने क्लार्कच्या शनिवारच्या कार्यक्रमात ते गाऊन दाखवलं, नाचूनही दाखवलं. नाच शिकवायची त्याची रीत प्रसिद्ध झाली: दोन्ही पायांनी सिगरेट विझवतोय असं समजा, आणि त्याच वेळी टॉवेलने पाठीमागचं अंग पुसतोय असंही. संपलं शिक्षण. जोडीदार लागत नाही, धरायचं नाही, पावलं मोजायची नाहीत. गंमत म्हणजे गाण्याच्या शब्दांत माझा हात धर असं स्वच्छ म्हटलेलं आहे, आणि या नाचाची सगळी क्रांती हात न धरण्यात! टीव्हीच्या दृष्टीने तर हे वरदानच. कोण कोणाबरोबर नाचतंय, या प्रश्नाने घाबरणाऱ्या काळात प्रत्येक जण एकटाच नाचत होता.

दोन सेंटांचा कायदा

इथे कुणीही विचारेल: बॅलर्डने खटला का भरला नाही?

कारण भरण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेच्या 1909 च्या कायद्यानुसार एखादं गाणं एकदा तबकडीवर आलं की पुढे कुणालाही ते ध्वनिमुद्रित करता येत असे. परवानगीची गरज नाही. फक्त विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे जास्तीत जास्त दोन सेंट द्यायचे. हा दर पुढे 1978 पर्यंत बदलला नाही. हे पैसे लेखक आणि प्रकाशकाचे. रिवाजाप्रमाणे ते निम्मे-निम्मे वाटले जात; म्हणजे दहा लाख तबकड्या खपल्या तर 20,000 डॉलर, त्यातले 10,000 लेखकाचे.

गायकाच्या आवाजाची ढब, वादनाची मांडणी, थांबायच्या जागा यांवर हक्क सांगता येत नव्हता. 1950 मध्येच एका खटल्यात सुप्रीम रेकॉर्ड्सने डेकावर असा दावा लावला होता की आमच्या तबकडीची मांडणी उचलली, आणि ते हरले होते. तबकडीवरच्या प्रत्यक्ष ध्वनीला केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं थेट फेब्रुवारी 1972 पासून. आणि तेसुद्धा ध्वनी जसाच्या तसा छापण्याविरुद्ध. नक्कल करण्याविरुद्ध नव्हे.

म्हणून बॅलर्ड गायक म्हणून हरला आणि लेखक म्हणून जिंकला. रेडिओवर गाणं वाजलं की अमेरिकेत पैसे लेखकाला आणि प्रकाशकाला मिळतात, गायकाला नाहीत. चेकरची तबकडी जितकी वाजली, तितक्या वेळा बॅलर्डच्या खात्यात भर पडली आणि चेकरच्या नाही. ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणणाऱ्यांनी बिळाचं भाडं कोण घेत होतं तेही पाहावं. अर्थात याला एक अट आहे: कागदावर नाव हवं. नाइटिंगेल्सची हकीकत खरी असेल, तर त्या गायकाला दोन सेंटही मिळाले नाहीत.

बॅलर्डचं 1960 साल वाईट गेलं असंही नाही. किंगने मूळ ‘द ट्विस्ट’ पुन्हा पुढे आणलं आणि ते हॉट 100 मध्ये 28 व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी त्याचं ‘फिंगर पॉपिन टाइम’ सातव्या आणि ‘लेट्स गो, लेट्स गो, लेट्स गो’ सहाव्या क्रमांकावर पोचलं. सर्वसाधारण यादीत त्याला इतकं यश त्याआधी कधी मिळालं नव्हतं. चेकरने उघडलेल्या दारातून मूळ मालकही आत आला, असं म्हणायला जागा आहे.

मोठ्या माणसांचा आजार

पोरांचे नाच वर्षभरात विरतात. हा विरला असता. पण 1961 च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या वेस्ट फॉर्टी-फिफ्थ स्ट्रीटवर ‘पेपरमिंट लाउंज’ नावाचा एक मळकट बार होता, आणि तिथे उच्चभ्रू मंडळी गाड्यांतून उतरून ट्विस्ट करायला येऊ लागली. वर्तमानपत्रांतल्या बड्या लोकांच्या सदरांत त्याच्या बातम्या झळकल्या. ऑक्टोबरात चेकर एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात आला. आर्थर मरीच्या नृत्यशाळा ट्विस्टचे धडे विकू लागल्या, म्हणजे सिगरेट विझवायला शिकवण्याची फी. डॉक्टर मंडळी पाठ आणि गुडघ्यांबद्दल इशारे देऊ लागली. बफेलोच्या कॅथलिक बिशपने आपल्या शाळांतून तो बंद केला. मे 1962 मध्ये माजी अध्यक्ष आयझेनहॉवर आपल्या ग्रंथालयाच्या समारंभात ट्विस्टचं नाव घेऊन अभिरुचीच्या घसरणीवर बोलले.

पार्कवेने तीच जुनी तबकडी, 811 हाच क्रमांक ठेवून, मागची बाजू बदलून परत बाजारात सोडली. पहिल्या फेरीत ती पोरांनी घेतली होती, दुसऱ्या फेरीत त्यांच्या आईबापांनी. जानेवारी 1962 मध्ये ती दोन आठवडे पहिल्या जागेवर राहिली.

तिला तिथून हटवलं कुणी? ‘पेपरमिंट ट्विस्ट’ने. पेपरमिंट लाउंजच्या मंचावर वाजवणाऱ्या जोई डी आणि स्टारलायटर्सचं हे गाणं. त्याच्या लेखकांत जोई डीबरोबर दुसरं नाव आहे हेन्री ग्लोव्हरचं. होय, तोच. तीन वर्षांपूर्वी ‘द ट्विस्ट’ ज्याच्या गाण्याच्या पाठीमागे बी बाजूला पडलं होतं, त्यानेच आता स्वतःचं ट्विस्ट लिहून त्याला खाली खेचलं. एवढं चोख वर्तुळ कथेत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

मुंबईचा फाटा

ही लाट मुंबईपर्यंत आली हे सांगायला नको. चेकरनेच 1961 मध्ये ‘लेट्स ट्विस्ट अगेन’ काढलं होतं; त्याला रॉक अँड रोल ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमीही मिळालं. 1965 च्या ‘भूत बंगला’मधलं आर. डी. बर्मनचं, मन्ना डे यांनी गायलेलं ‘आओ ट्विस्ट करें’ त्याच्यावरूनच बेतलेलं आहे. म्हणजे नकलाकाराची नक्कल! आणि इथे दोन सेंटांचा हिशोबसुद्धा कुणी मागितला नाही. मराठीत तर गोष्टीला कलाटणी मिळाली की आपण ‘ट्विस्ट आला’ म्हणतो. नाच गेला, शब्द राहिला.

जमाखर्च

चेकरला काय मिळालं? प्रसिद्धी, जी आयुष्यभर पुरली आणि आयुष्यभर नडली. ट्विस्टने माझं वाटोळं केलं, मी मंचावरचा मोठा गायक होण्याच्या वाटेवर होतो, लोकांना माझ्यातला गायक कधी दिसलाच नाही, असं तो बोलला आहे. मला हे अर्धंच पटतं. ट्विस्ट नसता तर तो नकला करणारा एक गुणी पोऱ्या राहिला असता. पण गाऱ्हाण्यात तथ्य आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बॅलर्डला 1990 मध्ये आत घेतलं. 2018 मध्ये त्याच संस्थेने महत्त्वाच्या एकेरी तबकड्यांचा मान सुरू केला, तेव्हा निवडली चेकरची तबकडी. चेकरची स्वतःची निवड झाली 2025 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी.

आणखी एक विचित्र भोग. कॅमिओ-पार्कवेची मालमत्ता पुढे अ‍ॅलन क्लाइन या संगीत-व्यवस्थापकाच्या कंपनीकडे गेली, आणि तिने 2005 पर्यंत तो खजिना सीडीवर आणलाच नाही. त्या काळात दुकानात चेकरचं ‘द ट्विस्ट’ म्हणून जे मिळायचं, ते बहुधा त्यानेच नंतर दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा गायलेलं. बॅलर्डसारखं गाण्यासाठी घेतलेल्या माणसाला आता स्वतःसारखं गावं लागत होतं, आणि ऐकणारे म्हणत, हे काही मूळ नव्हे.

1988 मध्ये ‘द फॅट बॉइज’ने चेकरला बरोबर घेऊन गाण्याचं रॅप रूप काढलं, ते अमेरिकेत सोळाव्या क्रमांकावर गेलं. बॅलर्डची मूळ तबकडी 1959 मध्ये तिच्या यादीत गेली होती तोच आकडा. बॅलर्ड 2 मार्च 2003 ला लॉस एंजेलिसला वारला. दोन वर्षांनी चेकरचं 1960 चं मूळ ध्वनिमुद्रण अखेर सीडीवर आलं. गायकाचं नाव चबी चेकर, आणि लेखकाच्या जागी, बारीक अक्षरांत, बॅलर्ड.